सामाईक हौद आणि ज्याची त्याची घागर

शालान्त परीक्षेच्या निकालाचा दिवस हा महाराष्ट्रांतील लाखों घरांत धाकधुकीचा दिवस असतो. ही परीक्षा घेणारें राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजीं अस्तित्वांत आलें. त्याचें मुख्य कार्यालय पुण्यास असून पुणें, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर, कोकण व छत्रपति संभाजीनगर अशीं त्याचीं नऊ विभागीय मंडळें आहेत. पूर्वीं निकालाचे क्रमांक वर्तमानपत्रांत छापून येत आणि एका अंकाभोंवतीं सारी आळी गोळा होई. आतां विद्यार्थी आपला बैठक क्रमांक आणि आईचें नांव वेबसाइटवर लिहितो आणि त्याची गुणपत्रिका क्षणांत समोर येते.

निदान ती यावी अशी अपेक्षा असते. १६ जुलै २०२१ रोजीं ती अपेक्षा पुरी झाली नाहीं. साथीमुळें त्या वर्षीं परीक्षा झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून सुमारें पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा निकाल तयार झाला होता. दुपारीं एक वाजतां तो जाहीर होतांच सारा महाराष्ट्र एकाच दारावर येऊन थडकला, आणि तें दार कित्येक तास नीट उघडेना. मुलें पुनः पुनः कळ दाबीत राहिलीं व आईबाप त्यांच्या खांद्यावरून रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिले.

असा प्रसंग टाळण्याचा एक उपाय संगणकशास्त्रास फार दिवसांपासून ठाऊक आहे. परंतु तो बेतानें योजिला नाहीं, तर त्यांतून पहिल्याहूनहि वाईट प्रसंग ओढवतो. दार बंद राहण्याऐवजीं तें उघडतें आणि आंत दुसऱ्याच मुलाची गुणपत्रिका दिसते. हा उपाय कोणता, आणि त्यांत विवेक कोठें करावा लागतो, हें समजून घेणें आज प्रत्येक सुशिक्षित घरास उपयोगाचें आहे.

पुणेकरांस त्यासाठीं फार दूर जावयास नको. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या तलावांतील पाणी भुयारी नळानें शहरांत आणण्यांत आलें आणि तें ठिकठिकाणच्या हौदांतून पडूं लागलें. फडके हौद, नाना हौद, काळा हौद हीं नांवें पुणेकरांच्या बोलण्यांत अजून आहेत. ह्या योजनेंतील शहाणपण अगदीं साधें होतें. प्रत्येक घरच्या माणसास घागर घेऊन कात्रजपर्यंत जावें लागलें असतें, तर वाट गर्दीनें भरली असती आणि संध्याकाळपर्यंत निम्मीं घरें कोरडीं राहिलीं असतीं. पाणी एकदांच आणून वापरणाऱ्यांच्या जवळ सांठविलें, म्हणजे तलावावरचा ताण जातो आणि माणसाची पायपीटहि वांचते.

संगणकाच्या जाळ्यांत अशा हौदास ‘कॅश’ म्हणतात. रोकड ह्या अर्थाचा कॅश शब्द निराळा. हा शब्द लपविणें ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आलेला आहे. एखादें पान कोणी मागितलें, कीं मूळ सर्व्हरला बरेंच काम पडतें. मागणारा कोण हें ओळखावें लागतें, माहितीच्या कोठारांतून आंकडे काढावे लागतात, ते जुळवावे लागतात आणि मग पान रचून पाठवावें लागतें. हेंच पान पुढच्या क्षणीं दुसऱ्यानें मागितलें तर तें सारें काम पुनः कां करावें? पहिल्यांदा रचलेल्या पानाची प्रत जवळ ठेवून तीच पुढच्यास द्यावी, हा कॅशचा सारा सिद्धान्त. मूळ सर्व्हर हा तलाव. त्याच्यापुढें बसविलेला सांठवणीचा सर्व्हर हा पेठेंतील हौद. आणि पाहणाराच्या स्वतःच्या यंत्रांतील ब्राउझर जी प्रत ठेवतो, ती त्याच्या घरची घागर. कांहीं कंपन्यांनीं तर असे हौद जगभर बांधून ठेविले आहेत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतल्या संशोधनांतून १९९८ सालीं निघालेली अकामाई ही त्यांपैकीं एक जुनी कंपनी. सांठवणीच्या सर्व्हरचा पुष्कळ वापरला जाणारा ‘वार्निश’ हा कार्यक्रम नॉर्वेंतील एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटसाठीं लिहिला गेला व २००६ सालीं प्रसिद्ध झाला. वाचकांची झुंबड उडाली कीं मूळ यंत्र गुदमरतें, हा वर्तमानपत्रांचा नित्याचा अनुभव होता.

आतां खरा प्रश्न येतो. हौदांतलें पाणी सर्वांस एकच असतें. वेबसाइटवरचा मजकूर तसा नसतो. निकालाच्या कोणत्याहि वेबसाइटची कल्पना केली, तर तिच्यावर तीन प्रकारचा मजकूर असूं शकतो. पहिला प्रकार सर्वांसाठीं एकच: निकालाचें प्रकटन, राज्याची टक्केवारी, गुणपडताळणीच्या अर्जाची मुदत. दुसरा प्रकार गटागटाचा. पालकास हवी असते ती माहिती वेगळी, शाळेच्या मुख्याध्यापकास मिळणारी वेगळी आणि अधिकाऱ्यास दिसणारी आणखी वेगळी; शिवाय मराठी वाचणारा व इंग्रजी वाचणारा हा भेद आहेच. तिसरा प्रकार एकेका व्यक्तीचा, म्हणजे गुणपत्रिका. ह्या तिन्ही प्रकारांस एकच नियम लावणें हें ह्या विषयांतील बहुतेक घोटाळ्यांचें मूळ आहे.

घोटाळा कसा होतो तें पाहावें. सांठवणीच्या सर्व्हरजवळ हजारों प्रती असतात. त्यांतून नेमकी प्रत काढण्यासाठीं प्रत्येकीवर एक चिठ्ठी लावलेली असते. साधारणपणें त्या चिठ्ठीवर पानाचा पत्ता तेवढा लिहिलेला असतो. पत्ता तोच असेल तर प्रतहि तीच, असें यंत्र समजतें. प्रकटनाच्या पानास एवढें पुरतें. परंतु ‘माझा निकाल’ अशा एकाच पत्त्यावर प्रत्येकास स्वतःची गुणपत्रिका दिसत असेल आणि तें पानहि हौदांत गेलें, तर पहिल्यानें आलेल्या मुलाची गुणपत्रिका त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकास मिळेल. यंत्राच्या दृष्टीनें त्यांत कांहींच चुकलें नसतें. चिठ्ठीवर जें लिहिलें होतें तेंच त्यानें दिलें.

हें केवळ कल्पनेंतलें संकट नव्हे. संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ नांवाच्या जगप्रसिद्ध दुकानावर २५ डिसेंबर २०१५ रोजीं, ऐन नाताळांत, खोट्या मागण्यांचा मुद्दाम मारा करण्यांत आला. दुकान बंद पडूं नये म्हणून हौदांचे नियम घाईनें बदलण्यांत आले. त्यांतील एका नियमांत चूक राहिली आणि ओळख पटवून आंत आलेल्या ग्राहकांचीं पानेंहि सामाईक हौदांत जाऊं लागलीं. कोणास दुकानाचें पहिलें पान भलत्याच भाषेंत दिसलें, तर कोणास परक्या माणसाच्या खात्याचें पान दिसलें. दीड तासाच्या आंतबाहेर हा प्रकार चालला. सुमारें ३४,००० ग्राहकांचीं खासगी पानें दुसऱ्यांच्या दृष्टीस पडलीं असावीं, असें कंपनीनें पुढें कबूल केलें. त्यांत कित्येकांचे पत्ते, खरेदीची यादी आणि ई-मेल होते. गर्दीशीं लढण्यासाठीं उघडलेल्या हौदानेंच घराघरांतल्या घागरी एकमेकींत ओतल्या, असा हा प्रकार.

मग उपाय काय? पहिला उपाय प्रत्येक पानावर त्याच्या स्वभावाचा शिक्का मारण्याचा. वेबच्या देवाणघेवाणीचे जे सर्वमान्य नियम आहेत, त्यांतील कॅशविषयींचा भाग जून २०२२ मध्यें नव्यानें प्रसिद्ध झाला आहे. त्यानुसार मूळ सर्व्हर पानासोबत सूचना पाठवितो. ‘पब्लिक’ म्हणजे हें पान सामाईक हौदांत ठेवण्यास हरकत नाहीं. ‘प्रायव्हेट’ म्हणजे तें फक्त पाहणाराच्या ब्राउझरनें ठेवावें, वाटेंतील हौदानें नव्हे. ‘नो-स्टोअर’ म्हणजे कोणीच ठेवूं नये. ‘नो-कॅश’ ही सूचना मात्र नांवानें फसविते. तिचा अर्थ ठेवूं नये असा नसून, ठेवलेली प्रत देण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं मूळ सर्व्हरला विचारून घ्यावें असा आहे. नांवावरून अर्थ काढणाऱ्या नवशिक्याकडून येथें चूक होते.

गुणपत्रिकेच्या बाबतींत ‘प्रायव्हेट’ हा शिक्कादेखील अपुरा पडूं शकतो. ज्या घरीं स्वतःचा संगणक वा फोन नाहीं, त्या घरचा मुलगा सायबर कॅफेंत किंवा शाळेच्या संगणकावर निकाल पाहतो. तेथें ब्राउझर त्याचा नसतो. घागर शेजाऱ्याची असली, तर ती खासगी कशी म्हणावयाची? म्हणून अशा पानास ‘नो-स्टोअर’ हीच सूचना योग्य होय. काम संपल्यावर खात्यांतून बाहेर पडणें आणि ब्राउझरनें ठेवलेली माहिती पुसून टाकणें, ही संवय मुलांस घरींच लावून देणें बरें.

दुसरा उपाय गटांसाठींच्या पानांचा आहे, आणि खरें कौशल्य येथेंच लागतें. चिठ्ठीवर पत्त्याबरोबर आणखी कांहीं लिहावें असें मूळ सर्व्हरला सुचवितां येतें. त्या सूचनेस ‘व्हेरी’ म्हणतात. ‘भाषेप्रमाणें व्हेरी’ असें सांगितलें, कीं एकाच पत्त्याची मराठी प्रत व इंग्रजी प्रत निरनिराळी ठेविली जाते. ह्यावरून कोणास असें वाटेल, कीं ‘मनुष्याप्रमाणें व्हेरी’ असें सांगितलें म्हणजे सारेंच काम झालें. प्रत्येक ब्राउझरजवळ सर्व्हरनें दिलेला ओळखीचा बिल्ला असतो. त्यास ‘कुकी’ म्हणतात. तो बिल्लाच चिठ्ठीवर लिहिला तर कोणाची प्रत कोणास जावयाची नाहीं. हें खरें, पण बिल्ले जेवढे तेवढे हौद खणावे लागतील, आणि प्रत्येक हौदावर पाणी भरण्यास एकच मनुष्य येईल. अशा हौदाचा उपयोग काय?

थोडा हिशेब करून पाहिला तर मुद्दा स्पष्ट होतो. समजा, विभागवार टक्केवारीचें पान दहा मिनिटांत पांच लाख वेळां मागितलें गेलें आणि हौदांतील प्रत दर मिनिटास ताजी करावयाची असें ठरलें. सर्वांस एकच प्रत असेल, तर मूळ सर्व्हरला तें पान दहा वेळां रचावें लागेल. दोन भाषा, नऊ विभाग आणि पालक, मुख्याध्यापक व अधिकारी असे तीन गट धरले, तर प्रती होतात चौपन्न, आणि पान रचावें लागतें जास्तींत जास्त पांचशें चाळीस वेळां. प्रत्येक व्यक्तीस निराळी प्रत ठेविली, तर मात्र काम जवळजवळ पांच लाख वेळां करावें लागेल, म्हणजे हौद असून नसल्यासारखाच. गटांमुळें श्रम पन्नास पटींहून अधिक वाढले हें खरें. तरी ते मूळच्या हजारांत एका हिश्श्याएवढेच राहिले. विवेकानें केलेले गट स्वस्त पडतात, अविवेकानें केलेले भेद महाग पडतात.

हा गट ठरवावा कोणी? येथें एक नियम कधींहि मोडूं नये: येणाऱ्यानें स्वतःविषयीं जें सांगितलें तें प्रमाण मानूं नये. बिल्ल्यावर ‘मुख्याध्यापक’ असा शब्द लिहिलेला असेल आणि हौदाचा पहारेकरी त्यावर विश्वास ठेवणारा असेल, तर तो शब्द लिहिण्याची हुशारी एखाद्या दहावीच्या मुलाससुद्धां साधेल. म्हणून चांगल्या रचनेंत पहारेकरी प्रथम येणाऱ्यानें आपण होऊन लावलेलें गटाचें चिन्ह काढून टाकतो. मग तो बिल्ला मूळ सर्व्हरला दाखवून एवढाच लहानसा प्रश्न करतो, कीं हा मनुष्य कोणत्या गटांतला? मूळ सर्व्हर आपल्या वहींत पाहून गटाची खूण सांगतो. ती खूण पत्त्याशेजारीं चिठ्ठीवर लिहिली जाते आणि त्या गटाची प्रत दिली जाते. प्रश्न लहान असल्यामुळें त्याचें उत्तर लवकर मिळतें. सारें पान रचण्याचे श्रम वांचतात. नोव्हेंबर २०१५ मध्यें बाहेर पडलेल्या ‘द्रुपल’ ह्या वेबसाइट बांधण्याच्या साधनाच्या आठव्या आवृत्तींत तर पानाचा प्रत्येक तुकडा आपण कशाकशाप्रमाणें बदलतों हें स्वतःच सांगतो: भाषेप्रमाणें, वापरणाराच्या भूमिकेप्रमाणें, कीं त्याला असलेल्या अधिकारांप्रमाणें. त्यामुळें चिठ्ठीवर काय लिहावें ह्याचा अंदाज बांधावा लागत नाहीं.

तुकड्यांची ही कल्पना आणखी एका कामीं येते. पुष्कळदां पान जवळजवळ सारें सामाईक असतें आणि वरच्या कोंपऱ्यांतील नांव तेवढें ज्याचें त्याचें असतें. तेवढ्यासाठीं सारें पान खासगी ठरविणें हा अपव्यय होय. शाळेंतील प्रमाणपत्रें छापखान्यांतून एकसारखीं छापून येतात आणि मुलाचें नांव मागाहून हातानें भरलें जातें. हीच रीत येथेंहि चालते. सामाईक भाग हौदांतून घ्यावा, नांवाची जागा मोकळी ठेवावी, आणि तो चिमुकला तुकडा मूळ सर्व्हरकडून स्वतंत्र आणून बसवावा.

तिसरा विचार कालाचा. हौदांतील पाणी शिळें होतें. गुणपडताळणींत एखाद्या मुलाचे गुण वाढले आणि शाळेस दिसणाऱ्या एकत्रित निकालाची जुनी प्रत हौदांत तशीच राहिली, तर शाळा त्यास जुन्याच गुणांचा समजेल. एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याच्या गटाची खूण दिवसभर तशीच जपून ठेविली गेली, तर काल जें पाहण्याचा त्यास अधिकार होता तें तो आजहि पाहील. म्हणून प्रत्येक प्रतीस आयुष्याची मर्यादा घालून द्यावी लागते, आणि मूळ माहिती बदलतांच त्या मर्यादेची वाट न पाहतां जुनी प्रत काढून टाकण्याची सोय करावी लागते. सांठविणें सोपें, परंतु सांठविलेलें केव्हां टाकावें हें ठरविणें अवघड. ह्या धंद्यांतले अनुभवी लोक आपल्या सर्वांत कठीण कामांत ह्याची गणना करतात.

हें सारें यंत्रांचें झालें. त्यामागें प्रश्न माणसांचा आहे. खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. २०२३ सालीं व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें केला. त्या कायद्याच्या दृष्टीनें अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति बालक आहे, म्हणजे दहावीचे बहुतेक सारे विद्यार्थी त्यांत आले. गणितांत पडलेले गुण कोणास सांगावे आणि कोणास सांगूं नयेत, हें त्या मुलानें ठरवावयाचें आहे. हौदाच्या चिठ्ठीवर एक शब्द कमी लिहिला गेला म्हणून त्याचा तो हक्क जाऊं नये.

ह्याच पुण्यांत हौदांच्या इतिहासाचें आणखी एक पान आहे आणि तें ह्या विषयास फार जवळचें आहे. पाणी एकच असतां तें भरणाऱ्या माणसांत मात्र भेद मानला जात असे. अस्पृश्य मानलेल्या लोकांस सार्वजनिक पाणवठ्यावर येऊं देत नसत. १८६८ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद त्या लोकांसाठीं खुला केला. त्यांचें तें घर ज्या पेठेंत आहे, ती पेठ आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. जोतीरावांच्या कृतीचा अर्थ असा, कीं जें सर्वांचें आहे त्यांत भेद घालणें हा अन्याय आहे. वेबसाइटवर त्या तोडीचा अन्याय घडतो असें नव्हे. पण तेथेंहि गट पाडावयाचे ते मजकुरांत खरोखर फरक आहे म्हणून, माणसांत फरक मानावयाचा म्हणून नव्हेत. अर्ज भरण्याची मुदत, प्रवेशाची माहिती, चौकशीचा पत्ता हें सर्वांस एकाच हौदांतून आणि एकाच वेगानें मिळालें पाहिजे. खेड्यांतील जुन्या फोनवरून येणाऱ्या मुलीस तें उशिरां मिळावें आणि शहरांतील मुलास आधीं, असा भेद हौदाच्या रचनेंत शिरतां कामा नये.

सारांश, सामाईक तें मोकळ्या हातानें सांठवावें. गटाचें तें गटाच्या खऱ्या खुणेनिशीं सांठवावें. आणि एकट्याचें तें सामाईक हौदाच्या जवळपासहि नेऊं नये. पुढच्या निकालाच्या दिवशीं एखाद्या मुलानें बैठक क्रमांक लिहून कळ दाबली, म्हणजे त्याची गुणपत्रिका लवकर यावी हें तर खरेंच. परंतु ती त्याचीच असावी, आणि त्याच्यावांचून दुसऱ्या कोणाच्या पडद्यावर जाऊं नये, हें त्याहूनहि खरें.